स्थावर भिंती, जंगम घर

'हॅम्लेट' शिकवताना तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशापाशी वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. राणीच्या दालनात पोलोनियस पडद्यामागे लपतो, मदतीसाठी ओरडतो, आणि हॅम्लेट पडद्यातूनच तलवार खुपसून त्याला ठार करतो. प्रश्न असा, की एवढा पोक्त माणूस पडद्यामागे उभा असताना पडदा फुगलेला दिसत नाही का? खालून पाय दिसत नाहीत का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घरातल्या खिडकीचा पडदा असतो, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मराठीत सांगताना आपणही 'पडदा' हाच शब्द वापरून मोकळे होतो.

शेक्सपिअरचा शब्द आहे 'ॲरस'. उत्तर फ्रान्समधले अरास हे एके काळचे विणकरांचे शहर. त्याच्या नावावरून हा शब्द इंग्रजीत आला, आणि इटालियन भाषेतही याच शहरावरून 'अरात्सो' तयार झाला. (आपली 'आरास' फारसीकडून आलेली; तिचा याच्याशी संबंध नाही, पण योगायोग गमतीचा आहे.) ॲरस म्हणजे लोकरीच्या जाड विणीचे, चित्रे विणून काढलेले, भिंतीच्या वरच्या टोकापासून जमिनीपर्यंत लोंबणारे भिंतवस्त्र. दगडाची ओल लागून ते कुजू नये म्हणून पुष्कळदा ते भिंतीला न चिकटवता लाकडी चौकटीवर, थोडे अंतर सोडून टांगत. मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा सुटे. तेव्हा पोलोनियस पडद्यामागे नाही, भिंतीच्या आतल्या दुसऱ्या भिंतीमागे उभा आहे. ज्या एल्सिनोरमध्ये हे नाटक घडते तिथला खरा क्रोनबोर्ग कॅसल नाटकाच्या थोडाच काळ आधी, १५७४ ते १५८५ या वर्षांत उभा राहिला, आणि राजा दुसरा फ्रेडरिक याने त्याच्यासाठी डॅनिश राजांची चित्रे असलेली ४० भिंतवस्त्रे विणवून घेतली होती. आज त्यांतली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. भिंती मात्र आहेत.

भिंती उरल्या आणि बाकीचे गेले, ही मध्ययुगीन युरोपातल्या जवळजवळ प्रत्येक कॅसलची कथा आहे. जे उरले त्यावरून आपण त्या जगाची कल्पना करतो: उघडा काळपट दगड, अरुंद खिडक्या, प्रतिध्वनी, गारठा. या कल्पनेला साहित्याने खतपाणीही भरपूर घातले. १७६४ मध्ये होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' आली आणि पुढे शंभर वर्षे गॉथिक कादंबरीने कॅसल म्हणजे अंधार, भुयार आणि किंकाळी हे समीकरण पक्के केले. रोमँटिक कवींना आणि चित्रकारांना पडका, वेलींनी वेढलेला कॅसल हवा होता. राहता कॅसल नको होता. आपल्यासाठी यात आणखी एक अडचण भाषेची आहे. 'कॅसल'ला आपण 'किल्ला' म्हणतो आणि मनात राजगड किंवा प्रतापगड उभा राहतो. कॅसल मुळात एका सरदाराचे किंवा राजाचे तटबंदीतले निवासस्थान आहे. लष्करी ठाणे ते आहेच, पण घर आधी. या अर्थाने तो गडापेक्षा गढीला किंवा बुरुजबंद वाड्याला जवळचा आहे.

हे घर उघड्या दगडाचे नव्हते. इंग्लंडचा तिसरा हेन्री (कारकीर्द १२१६ ते १२७२) याच्या हुकुमांच्या नोंदी चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांमध्ये टिकल्या आहेत, आणि राजकारणाचा कंटाळा आलेल्या वाचकाने त्या अवश्य चाळाव्यात. हा राजा युद्धात फारसा यशस्वी नव्हता. घर सजवण्यात मात्र त्याच्याइतका चोखंदळ राजा मध्ययुगीन इंग्लंडने क्वचितच पाहिला असेल. १२४० मध्ये त्याने लंडनच्या टॉवरमधल्या राणीच्या दालनाला आतून लाकडी फळ्यांचे अस्तर लावून, पांढरा रंग देऊन त्यावर गुलाबाची फुले रंगवण्याचा हुकूम दिला. त्याच सुमारास टॉवरच्या बाहेरच्या भिंतीही पांढऱ्या धुवून घेतल्या, आणि पावसाच्या पाण्याचे ओघळ त्यांवर उतरू नयेत म्हणून शिशाचे पन्हाळ जमिनीपर्यंत आणायला सांगितले. 'व्हाइट टॉवर' हे नाव त्या चुन्याचेच आहे. इतरत्र हिरव्या रंगावर सोनेरी तारे काढा, अमुक खिडकीतून वारा येतो तेव्हा तिला काच बसवा, अशा बारीकसारीक आज्ञा आहेत. १२४६ मध्ये लंडनमधल्या त्याच्या एका शौचकूपाची दुर्गंधी त्याला इतकी असह्य झाली, की १०० पौंड लागले तरी हरकत नाही पण ठरलेल्या सणाच्या आत तो दुसरीकडे बांधा, असे त्याने बजावले. राजाचा हा त्रागा वाचताना सातशे-आठशे वर्षांचे अंतर एकदम गळून पडते.

इंग्लिश हेरिटेज या संस्थेने २००९ मध्ये डोव्हर कॅसलच्या मुख्य बुरुजाचा अंतर्भाग दुसऱ्या हेन्रीच्या काळाप्रमाणे, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस असावा तसा सजवून दाखवला. लाल, निळ्या, हिरव्या रंगांत रंगवलेली आसने आणि पेटारे, भिंतींवर झगझगीत कापड. त्याची छायाचित्रे प्रथम पाहिली तेव्हा माझी प्रतिक्रिया 'हे काहीतरी खोटे आहे' अशीच झाली होती. विचार केल्यावर लक्षात आले की खोटी माझी सवय होती. याच बुरुजात विहिरीचे पाणी शिशाच्या नळांनी खोल्यांपर्यंत नेण्याची सोय होती. हा बुरुज ११८० च्या दशकात मॉरिस नावाच्या स्थापत्यकाराने बांधला, आणि त्याचा उद्देश केवळ संरक्षण नव्हता. कँटरबरीला बेकेटच्या समाधीच्या यात्रेसाठी येणाऱ्या थोरामोठ्या पाहुण्यांना इंग्लंडचा राजा कसा राहतो हे दिसावे, हाही होता. ११७९ मध्ये फ्रान्सचा सातवा लुई या यात्रेला येऊन गेला होता.

तरीही एक गोष्ट राहतेच. ही सजावट वर्षातले किती दिवस तिथे असे? इथे फर्निचरसाठी असलेला शब्द मदतीला येतो. फ्रेंचमध्ये 'मब्ल', जर्मनमध्ये 'म्योबेल', इटालियनमध्ये 'मोबिले'. तिन्हींचे मूळ लॅटिनमधल्या 'हलवता येणारे' या अर्थाच्या शब्दात आहे. आपल्या कोर्टकचेरीच्या मराठीत मालमत्ता स्थावर आणि जंगम अशी दोन प्रकारची असते. तिकडे दगडी कॅसल हा स्थावर, आणि त्याला घरपण देणारे सगळे जंगम. मोठ्या सरदाराच्या मालकीचे पाच-सहा कॅसल आणि वाडे असत. एका ठिकाणचे धान्य संपले, शौचकूप भरले, दुसरीकडच्या जमिनीचा वसूल पाहायचा झाला, की सगळे घर उठे. भिंतवस्त्रे उतरवून गुंडाळली जात, पलंगाचे पडदे पेटाऱ्यात, मेणबत्त्यांचे दांडे, पूजेचे सामान, स्वयंपाकाची भांडी गाड्यांवर. १५१२ मध्ये सुरू झालेल्या नॉर्थंबरलँडच्या पाचव्या अर्लच्या घरखर्चाच्या वहीत त्याच्या कुटुंबकबिल्यात १६६ माणसे धरली आहेत आणि घर हलवायला १७ गाड्या. याच घराण्याच्या ॲनिक कॅसलची १५६७ मध्ये पाहणी झाली, तेव्हा पाहणी करणाऱ्याने सुचवले की मालक नसताना खिडक्यांच्या काचा उतरवून सुरक्षित ठेवाव्यात, वाऱ्याने त्या फुटतात. काचसुद्धा जंगम! मालक निघून गेल्यावर मागे राहिलेला कॅसल कसा दिसत असेल? जवळजवळ आज दिसतो तसाच, उघडा आणि गार. आज आपण पाहतो तो निव्वळ काळाने उद्ध्वस्त केलेला कॅसल नव्हे. काही अंशी तो मालक गावाला गेलेला कॅसल आहे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था पूर्णपणे अनोळखी वाटू नये. अठरा कारखान्यांत फरासखाना आणि जामदारखाना ही स्वतंत्र खाती होतीच, आणि तंबू, गालिचे, बिछायती सांभाळणारा फरासखाना पुण्यात चौकीच्या नावात अजून शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये राजाचे कपडे आणि मौल्यवान वस्तू ठेवायच्या जागेला 'वॉर्डरोब' म्हणत. राजा सतत फिरतीवर, त्याच्याबरोबर वॉर्डरोब, वॉर्डरोबमध्ये पैसा. म्हणून तेराव्या शतकात हे कपड्यांचे कोठार चक्क राजाचे फिरते अर्थखाते बनले. त्याच अर्थाच्या फ्रेंच 'गार्दरोब' शब्दाची गत वेगळी झाली. कपड्यांच्या खोलीला लागून असलेल्या शौचकूपासाठी तो सौजन्यपूर्ण पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला, आणि आज कॅसलवरच्या पुस्तकांत गार्दरोब म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेला शौचकूप.

जॉन राजाबद्दल इतिहासाने चांगले फार थोडे लिहिले आहे. पण १२०९ च्या जानेवारीपासून १२१० च्या मे महिन्यापर्यंत त्याने २३ वेळा स्नान केले, ही नोंद त्याच्या खर्चाच्या हिशेबात आहे. ही स्नाने एका राजवाड्यात झालेली नाहीत, वेगवेगळ्या मुक्कामांवर झाली. विल्यम नावाचा स्नानाची व्यवस्था पाहणारा सेवक राजाबरोबर फिरत असे. सुखसोय राजाबरोबर चालत येई, ती इमारतीत राहत नसे.

आता आत, मुख्य दालनात, म्हणजे 'हॉल'मध्ये जाऊ. तिथल्या वस्तू इतक्या थोड्या आहेत की इंग्रजी भाषेनेच त्या जपून ठेवल्या आहेत असे म्हणावे लागेल. जेवणाचे टेबल म्हणजे लाकडी घोड्यांवर टाकलेल्या फळ्या. जेवण झाले की फळ्या भिंतीला लावून ठेवायच्या आणि त्याच जागी रात्री बिछाने टाकायचे. ही फळी म्हणजे 'बोर्ड'. बोर्डिंगमधला बोर्ड तो हाच, आणि कंपन्यांच्या संचालकांचे बोर्डही याच फळीभोवती बसलेले. बहुतेक सगळे बाकांवर बसत. पाठ आणि हात असलेली खुर्ची एक किंवा दोन, यजमान आणि त्याच्या मानाच्या पाहुण्यासाठी. 'चेअरमन'चा मान त्या एकट्या खुर्चीचा आहे. 'कपबोर्ड' म्हणजे आपण समजतो ते फडताळ नव्हे. कप, म्हणजे चांदीसोन्याचे पेले, मांडून दाखवायची फळी. पंधराव्या शतकात बर्गंडीच्या दरबारात या मांडणीला किती पायऱ्या असाव्यात हे घरच्या स्त्रीच्या दर्जावरून ठरे, आणि आलिएनोर द पॉइतिए या दरबारी बाईने त्याचे नियम लिहून ठेवले आहेत. खरे सर्वव्यापी सामान एकच, पेटारा. तो तिजोरी, तोच बाक, तोच प्रवासाची पेटी, आणि वेळ आली तर बिछानाही.

उजेडसुद्धा मोजून मिळे. पहिल्या हेन्रीच्या मृत्यूनंतर, साधारण ११३६ च्या सुमारास तयार झालेल्या राजगृहाच्या नियमावलीत कोणाला किती पोळ्या, किती मद्य याबरोबर मेणबत्त्यांचाही हिशेब आहे. चान्सेलरला, म्हणजे राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाला, रोज एक जाड मेणबत्ती आणि मेणबत्त्यांचे ४० उरलेले तुकडे. हे तुकडे मोजणारा कोणी कारकून होता, हे ध्यानात घ्यावे. मध्ययुगीन रात्रीचा अंधार किती दाट असेल याची कल्पना मला कोणत्याही वर्णनापेक्षा या चाळीस तुकड्यांनी जास्त करून दिली.

आणि आग. हॉलच्या मधोमध दगडी आगटी आणि छपरातल्या भोकातून धूर बाहेर, ही जुनी पद्धत. केंटमधल्या पेन्सहर्स्ट प्लेस या १३४१ नंतर बांधलेल्या वाड्यात अशी अष्टकोनी आगटी अजून पाहता येते. भिंतीतल्या शेकोट्या अज्ञात होत्या असे नव्हे. अकराव्या शतकातल्या व्हाइट टॉवरमध्ये त्या आहेत, बाराव्या शतकातल्या रोचेस्टर आणि हेडिंगम कॅसलमध्येही आहेत. तरी हॉलमधली मधली आगटी शतकानुशतके टिकून राहिली, याचे कारण केवळ तंत्राचे अज्ञान असू शकत नाही. मधल्या आगटीभोवती सगळे घर बसते. धूर धन्याच्याही डोळ्यांत जातो आणि घोडेवाल्याच्याही. योग्य वाटेने धूर गेला नाही तर राणीसुद्धा टिकत नसे: १२५७ मध्ये तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर नॉटिंगमच्या कॅसलमधून दगडी कोळशाच्या धुराला कंटाळून टटबरीला निघून गेली, अशी नोंद एका मठाच्या बखरीत आहे.

चौदाव्या शतकात मात्र धनी हॉलमधून उठू लागला. श्रॉपशरमधला स्टोक्से कॅसल लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने १२८० च्या दशकात बांधायला घेतला. तिथे हॉलमध्ये मधली आगटी आहे, आणि हॉलच्या टोकाला वरच्या मजल्यावर मालकाची खासगी खोली; तिच्यात भिंतीतली शेकोटी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोट्या झरोक्यांतून खालचा हॉल दिसतो. मालक वर उबेत आहे, खाली धूर आहे, आणि मालकाची नजर अजून खाली आहे. या दोन झरोक्यांत एक अख्खे सामाजिक स्थित्यंतर अडकून राहिले आहे असे मला वाटते. पुढे झरोक्यांचीही गरज उरली नाही. लँग्लंडच्या 'पिअर्स प्लाउमन'मध्ये याबद्दलची तक्रार येते: धनी आणि धनीण आता हॉल सोडून धुराडे असलेल्या खोलीत एकटे जेवतात, गरिबांना टाळायला. हॉलमध्ये बसून खाणे हा दानधर्माचा भाग होता. उरलेले अन्न दारावरच्या भिकाऱ्यांना जाई. वर्गात लँग्लंडच्या या ओळी नैतिक कुरकुर म्हणून वाचल्या जातात. कॅसलचा नकाशा शेजारी ठेवून वाचल्या तर ती वास्तूवरची अचूक टीका आहे. शेकोटी भिंतीत गेली आणि सगळ्यांची ऊब संपली. त्याच शतकाच्या अखेरच्या यॉर्कशरमधल्या बोल्टन कॅसलच्या हॉलमध्ये धूर भिंतीतल्या नळ्यांतून, खिडक्यांच्या मधून वर नेलेला पाहून सोळाव्या शतकातला प्रवासी जॉन लीलंड चकित झाला होता. म्हणजे तोपर्यंतही ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवण्याजोगी होती.

धन्याच्या खोलीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे बिछाना. इथेही शब्द फसवतो. मृत्युपत्रात 'बेड' लिहिलेला असतो तेव्हा लाकडी पलंग क्वचितच अभिप्रेत असतो. अभिप्रेत असते ते छत, पडदे, पलंगपोस, उशा असे सगळे कापड. लाकूड तिथेच पडून राही, कापड प्रवासाला जाई. १३८५ मध्ये वॉलिंगफर्ड कॅसलमध्ये वारलेल्या जोन ऑफ केंटने आपल्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या रिचर्डला, मृत्युपत्राने लाल मखमलीचा नवा 'बेड' दिला: त्यावर चांदीच्या धाग्याने शहामृगाची पिसे आणि सोन्याच्या धाग्याने बिबट्यांची मुंडकी भरलेली. राज्याभिषेक होऊन आठ वर्षे झालेल्या राजाला आई अंथरूण ठेवून जाते, यात हास्यास्पद काही नाही. चॉसरच्या 'द बुक ऑफ द डचेस'मधला निद्रानाश झालेला निवेदक झोपेच्या देवाला पिसांच्या गादीचे आमिष दाखवतो, त्यातला विनोद कळायचा तर आधी गादीची किंमत कळायला हवी.

पलंगाचे पडदे ओढले की खोलीच्या आत दुसरी खोली तयार होई. तिची गरज उबेसाठी होती तशीच एकांतासाठीही, कारण धन्याच्या पायथ्याशी किंवा दाराशी कोणीतरी सेवक झोपलेला असेच. 'सर गॉवेन अँड द ग्रीन नाइट'मधले शयनगृहाचे प्रसंग या पडद्यांवर उभे आहेत. गॉवेनला दार हळूच उघडल्याचा आवाज येतो, तो पडद्याचे टोक उचलून बघतो, यजमानाची बायको येताना दिसते, आणि हा सरळ झोपेचे सोंग घेतो. ती पडद्याच्या आत येऊन बसते. ती खोलीत आली एवढ्याने मर्यादा ओलांडली जात नाही. पडद्याच्या आत आली म्हणून ओलांडली जाते. कवीने पलंगाचे पडदे, त्यांच्या सोन्याच्या कड्या, भिंतीवरची परदेशी वस्त्रे यांचे आधी केलेले लांबलचक वर्णन आपण 'अलंकारिक' म्हणून गाळतो, आणि मग प्रसंगातली कोंडी का जाणवत नाही याचे आश्चर्य करतो.

भिंतींवर कापड नसेल तिथे चित्रे असत, आणि ती अनेकदा पुस्तकातून उतरलेली. तिसऱ्या हेन्रीने १२५० मध्ये टेम्पलर पंथीयांकडून अँटिऑकच्या धर्मयुद्धाची कथा असलेला मोठा फ्रेंच ग्रंथ राणीसाठी मागवला, आणि पुढच्याच वर्षी टॉवर, वेस्टमिन्स्टर आणि क्लॅरेंडन येथल्या खोल्यांत ती कथा रंगवून घेण्याचे हुकूम सुटले. दक्षिण टिरोलमधल्या रोडेनेग कॅसलमध्ये तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली 'इवाइन'ची चित्रे आहेत. बोल्झानोजवळच्या रुंकेलश्टाइनमध्ये १४०० च्या आसपास रंगवलेली ट्रिस्टन आणि इझोल्डची. रुंकेलश्टाइन त्या वेळी फिंटलर या धनाढ्य नागरी घराण्याकडे होता, आणि त्यांना सरदारकी भिंतीवर तरी रंगवून हवी होती. या घरांत राहणारी माणसे कथेत वेढलेली झोपत आणि उठत. 'वाचक' या संज्ञेचा विचार करताना, अक्षर न वाचणाऱ्या पण रोज तीच भिंत पाहणाऱ्या मोलकरणीला आपण कुठे ठेवणार आहोत?

जमिनीवर लव्हाळी पसरलेली असत. गालिचा पायाखाली घालणे ही तर चक्क चैन मानली जाई. १२५५ मध्ये कॅस्टीलची राजकन्या एलिनॉर लंडनला आली तेव्हा तिच्या मुक्कामात स्पॅनिश रीतीने जमिनीवरही वस्त्रे अंथरलेली पाहून लंडनकरांनी तिची टिंगल केल्याचे मॅथ्यू पॅरिस सांगतो. हीच एलिनॉर पुढे पहिल्या एडवर्डची राणी झाली, आणि वेल्स जिंकून कॉन्वीचा कॅसल उभा राहत असताना, १२८३ मध्ये, तिथे तिच्यासाठी हिरवळ लावण्यात आली. ज्या बांधकामावर पुढे सुमारे १५,००० पौंड खर्च झाले, त्याच्या चिखलात आणि टाक्यांच्या आवाजात तो गवताचा एक तुकडा.

सुखसोयींच्या या सगळ्या हिशेबात एक हिशेब मला वेगळा वाटतो. तिसऱ्या हेन्रीची बहीण एलिनॉर, सायमन द माँफर्टची पत्नी, हिच्या घरखर्चाची १२६५ सालची गुंडाळी ब्रिटिश लायब्ररीत आहे. फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंतची. नवरा राजाविरुद्ध, म्हणजे तिच्या भावाविरुद्ध, बंडाचा नेता. गुंडाळीत राजकारणाचा चकार शब्द नाही. रोजचे धान्य, मद्य, मासे, किती घोड्यांना चारा, कोण जेवायला होते. जूनमध्ये ती ओडियमहून निघते आणि पोर्चेस्टरमार्गे डोव्हरला पोचते. म्हणजे तेच सगळे: वस्त्रे उतरवणे, पेटारे भरणे, गाड्या. पण या खेपेला वसूल पाहायला नव्हे, समुद्राच्या वाटेवरचा कॅसल हातात ठेवायला. डोव्हरमध्ये ती किनाऱ्यावरच्या गावांतल्या नागरिकांना जेवायला बोलावते, आणि जेवणाचा खर्च नोंदला जातो. ती आघाडी बांधत होती हे आपण वाचायचे. ४ ऑगस्टला ईव्हशॅमच्या लढाईत सायमन आणि थोरला मुलगा मारले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस तिने डोव्हर पुतण्याच्या, राजपुत्र एडवर्डच्या, हवाली केले, आणि त्या वाटाघाटीत आपल्या घरातल्या माणसांना माफी मिळवून घेतली. मग फ्रान्स; ती परत आली नाही, आणि १२७५ मध्ये माँतार्जी येथे वारली. त्या घरातली बहुतेक माणसे पुरुष होती, कारण मोठ्या घरांतले स्वयंपाकी, वाढपी, खोल्या सजवणारे सगळे पुरुषच असत; स्त्रिया म्हणजे मालकिणीच्या जवळच्या दोन-चार जणी, दाया आणि परटीण. घर म्हणजे ही माणसे आणि ते पेटारे. डोव्हरचा बुरुज तिच्या आधीही होता आणि नंतरही राहिला.

जंगम वस्तूंचे नशीब काय असते, याचे उदाहरण आंजेच्या कॅसलमध्ये आहे. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७० च्या दशकात 'अपोकॅलिप्स'ची भिंतवस्त्रे विणायला दिली: साधारण ६ मीटर उंच, एकत्र जोडली तर सुमारे १४० मीटर लांब. १४०० मध्ये त्याच्या मुलाच्या लग्नात ती आर्ल येथे उघड्यावर टांगली होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्यांचे तुकडे झाले. संत्र्याच्या झाडांना थंडीपासून वाचवायला, घोड्यांच्या तबेल्यात आडोशाला ते वापरले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या एका धर्मोपदेशकाने ते गोळा करून जोडले. आज सुमारे १०० मीटर उरले आहेत, कॅसलमध्ये मुद्दाम बांधलेल्या अंधाऱ्या दालनात. पुढच्या बाजूचे रंग उडून फिकट झाले आहेत. मागे अस्तर होते. ते विसाव्या शतकात काढले तेव्हा दिसले की विणकरांनी धाग्यांची टोके मागेही लपवली होती, दोन्ही बाजू सारख्याच सफाईच्या होत्या, आणि उजेड न लागल्यामुळे मागचे लाल, निळे, हिरवे जवळजवळ पहिल्यासारखे होते. वर्गात पुन्हा तो प्रश्न आला तेव्हा मी त्या मागच्या बाजूचे छायाचित्र दाखवले. पोलोनियस उभा होता ती बाजू.